घोड्याला कुलूप लावू नका: तबेला चालवणाऱ्यांना खुलं पत्र

दुसऱ्यांचे घोडे सांभाळणाऱ्या तबेल्यांचे मालक, व्यवस्थापक आणि रात्रीची जबाबदारी घेणारी मंडळी, यांना सप्रेम नमस्कार.

घोडा तुमच्या ठाणावर बांधून मालक रात्री घरी जातो तो तुमच्या भरवशावर. चंदी-वैरण, खरारा, लीद काढणं, नालबंदाची पाळी, या सगळ्याची घडी बहुतेक तबेल्यांत नीट बसलेली असते. सुरक्षेचा विषय निघाला की मात्र फाटकाला एक जाड कुलूप आणि खांबावर एक कॅमेरा, इथेच बोलणं थांबतं. मग कुठेतरी चोरी झाल्याचं कानावर येतं आणि घाबरून जे पहिलं काम केलं जातं ते नेमकं चुकीचं असतं: प्रत्येक गाळ्याच्या दाराला कुलूप ठोकलं जातं.

कृपा करून ते आजच काढा. गाळ्यात खाली पेंढा, कोपऱ्यात गवत, वर लाकूड. आग लागली तर धावून आलेल्या माणसाला धूर, अंधार आणि बिथरलेला घोडा एवढंच मिळतं. त्यात किल्ल्यांचा जुडगा चाचपत वीस दारं उघडणं कोणालाही जमणार नाही. घोडा आत असलेल्या दाराची कडी हातमोजा घातलेल्या हाताने, न बघता, एका झटक्यात सरकली पाहिजे. वरची कडी ओठांनी सरकवायला बरेच घोडे शिकतात, म्हणून खाली पायाने लावता येणारी दुसरी कडी हवी. दाराला एवढंच पुरे.

चोरापासून घोडा वाचवायच्या जागा दुसऱ्या आहेत: आवाराची हद्द, घोड्याची पुसता न येणारी ओळख आणि घोडा बाहेर नेण्याचा लेखी नियम. कुलपं लावायची ती फाटकाला, खोगीरखोलीला, चंदीच्या कोठीला आणि औषधांच्या कपाटाला. कोठीचं कुलूप चोराइतकंच घोड्यासाठीही असतं. रात्री सुटलेला घोडा कोठीत शिरून पोटभर दाणा खातो आणि सकाळी पोटशूळ किंवा खुरांची सूज घेऊन उभा असतो.

मोरख्या, म्हणजे घोड्याच्या तोंडावर चढवून त्याला धरून न्यायचे पट्टे, कुठे टांगायच्या यावर तबेल्यांमध्ये दोन मतं आहेत आणि दोन्ही खरी आहेत. दारावरची मोरखी आगीत घोडा वाचवते आणि चोराचं अर्धं काम करूनही ठेवते. आमचं मत असं: जिथे माणूस रात्री आवारातच झोपतो तिथे गाळ्याच्या दारावर मोरखी आणि दोर राहू द्या. जिथे रात्री कोणी नसतं, तिथे प्रत्येक ओळीच्या टोकाला एका पेटीत जोड ठेवा. ती पेटी कुठे आहे हे धावून येणाऱ्या शेजाऱ्याला आणि अग्निशमन दलाला आधीच दाखवून ठेवा. कुरणाच्या फाटकावर मात्र मोरखी कधीच टांगू नका, आणि चरायला सोडलेल्या घोड्याच्या तोंडावर ती तशीच ठेवू नका. चोराला धरायला आयती मिळते, शिवाय कुंपणाच्या खुंटीत किंवा घोड्याच्या स्वतःच्याच मागच्या पायात अडकून मोठी इजा होते.

आता फाटकापाशी या. कुलपाकडे बघू नका, उलट्या टोकाला, बिजागरीकडे बघा. लोखंडी फाटक खांबातून आलेल्या दोन खुंट्यांवर बसतं. फाटकाच्या चौकटीला दोन डोळे असतात आणि ते खुंट्यांवर वरून ओवलेले असतात. दोन्ही खुंट्यांची टोकं आभाळाकडे असतील, तर दोन माणसं फाटक खालून धरून हातभर वर उचलतात आणि बाजूला ठेवतात. कुलूप तसंच लटकत राहतं, त्याला ओरखडाही उठत नाही. उपाय अर्ध्या दिवसाचा आहे. वरची खुंटी काढून उलटी बसवायची, टोक जमिनीकडे. खालची वर बघते, वरची खाली बघते आणि फाटक दोन्हींमध्ये अडकून राहतं. खुंटी उलटी करणं शक्य नसेल, तर फाटक बसवल्यावर वरच्या खुंटीच्या टोकावर जाड वायसर वेल्ड करून घ्या. खुंटीचा आटा खांबातून आरपार जाऊन रस्त्याच्या बाजूला नटने आवळलेला असेल, तर पान्याने तो नट सोडवता येतो. तिथेही वेल्डचा एक ठिपका द्या.

मग कुलूप. त्याच्या कमानीची सळई कठीण केलेल्या पोलादाची आणि निदान १० ते १२ मिलिमीटर जाडीची हवी. कमानीभोवती खांदे असलेलं कुलूप घ्या, म्हणजे बोल्ट कटरचा जबडा आत शिरायला जागा उरत नाही. पण कुलूप कितीही महागाचं असलं तरी कडीकोयंडा चार लाकडी स्क्रूंवर लावलेला असेल तर ते पैसे वाया गेले. पहारीच्या एका रेट्याने कोयंडा स्क्रूंसकट उपटून येतो. कोयंडा गोल डोक्याच्या आरपार बोल्टांनी लावा, आतून मोठे वायसर आणि नट घाला, नटाबाहेर उरलेला आटा हातोडीने ठोकून पसरवा. कडी मिटल्यावर एकही बोल्ट बाहेरून दिसता कामा नये.

साखळी वापरत असाल तर ती जमिनीवर लोंबू देऊ नका. साखळी जमिनीला टेकली की कटरचा एक दांडा जमिनीवर ठेवून सगळं अंग वरून टाकता येतं आणि कडी तुटते. साखळी छातीच्या उंचीवर, घट्ट, ढिलाई न ठेवता गुंडाळा. कुलपात तेल ओतू नका. तबेल्यातली धूळ त्याला चिकटून लगदा होतो, किल्ली फिरेनाशी होते, आणि मग कोणीतरी कंटाळून कुलूप नुसतं अडकवून ठेवायला लागतं. ग्राफाइटची पूड घाला. ग्राइंडरपुढे कोणतंच कुलूप टिकत नाही हेही लक्षात असू द्या. तरीही जाड पोलादाचा फायदा असा, की चोराला ठिणग्या आणि आवाज करत बराच वेळ तिथेच उभं राहावं लागतं.

फाटकाला लागून तारेचं कुंपण असतं आणि तार पकडीने तुटते. म्हणून महिन्यातून एकदा सगळी हद्द पायी फिरा, आतून आणि बाहेरूनही. चोराला दोन गोष्टी लागतात: घोडा निघेल एवढी फट आणि गाडी उभी करायला जागा. दुसरी गोष्ट रोखणं सोपं आहे. कुंपणाबाहेर जिथे गाडी लावता येते तिथे चर खणा, नाहीतर जड खांब रोवा. दोन खांबांमधलं अंतर १.२ मीटरपेक्षा जास्त नको, म्हणजे गाडी आत येत नाही. काटेरी झुडपांची दाट रांग लावली तर दोन-तीन वर्षांत तार आणि खांब दोन्हींपेक्षा उत्तम काम करते. मुख्य वाट मात्र साडेतीन ते चार मीटर मोकळी ठेवा, अग्निशमन दलाचा बंब तिथूनच यायचा आहे. विजेवर चालणारं फाटक असेल तर वीज गेल्यावर ते हाताने कसं उघडायचं हे रात्रीच्या माणसाला करून दाखवलेलं असावं.

ही हद्द आगीतही उपयोगी पडते. बाहेर काढलेला घोडा भेदरून पुन्हा आपल्याच गाळ्याकडे धावतो. म्हणून गाळा रिकामा झाला की दार लगेच लावून घ्यायचं आणि घोडा पक्कं कुंपण असलेल्या जागेत सोडायचा. अशी जागा आधीच ठरवून ठेवा, जिथून घोडे रस्त्यावर जाऊ शकत नाहीत.

चोराला घोड्यापेक्षा खोगिराचा मोह जास्त. खोगीर सहा ते दहा किलोंचं असतं, ते खिंकाळत नाही, त्याला चारा लागत नाही आणि विकताना कागद मागायची कोणाला सवय नाही. खोगीरखोलीची नेहमीची चूक म्हणजे दार भक्कम आणि भिंत पत्र्याची. पत्र्याचे स्क्रू बाहेरून सोडवले की मागची भिंत बाजूला होते. फळ्यांची भिंत पहारीने निघते. छत दोन्हींपेक्षा कच्चं असतं. शेजारच्या रिकाम्या गाळ्यातून, कोणाला न दिसता, मधली भिंत फोडता येते. तेव्हा खोलीला आतून जाळी मारा: ५० मिलिमीटर चौकोनांची, निदान ३ मिलिमीटर तारेची वेल्ड केलेली जाळी, चारही भिंतींना आणि छताला, लोखंडी पट्ट्यांखाली दाबून बोल्टने आवळलेली. घरातल्या घरात पिंजरा उभा राहिला असं समजा. बाहेरून पत्रा फाडला तरी समोर जाळी येते.

दार भरीव हवं, पोकळ प्लायचं नको. ते बाहेर उघडत असेल तर बिजागरीच्या खिळी बाहेर येतात आणि ठोकून काढता येतात. त्यासाठी दाराच्या बिजागरीकडच्या कडेला वर-खाली दोन पोलादी खुंट्या बसवा. दार मिटलं की त्या चौकटीतल्या भोकांत शिरतात, मग खिळी काढूनही दार निघत नाही. कुलपं दोन, एक दाराच्या वरच्या एक-तृतीयांश भागात, एक खालच्या. खिडकी नसलेली बरी. पण कोंदट खोलीत कातड्याला बुरशी येते, आणि बुरशीला कंटाळून लोक दार उघडं टाकतात, हे फार ठिकाणी घडतं. म्हणून हवेची सोय मुद्दाम करा: भिंतीत वर आणि खाली, हात न शिरेल अशी जाळी लावलेले झरोके.

एक गोष्ट तबेल्यात कोणाच्या ध्यानीमनी नसते. चोर बऱ्याचदा हत्यार बरोबर आणत नाही, ते तुमच्याच आवारात पडलेलं असतं. नालबंदाच्या कोपऱ्यातला हातोडा, शिडी, पहार, गवताच्या गठ्ठ्यांची तार कापायची पकड. आणि दहा खोगिरं गाडीपर्यंत न्यायला लीद काढायची एकचाकी ढकलगाडी! ती रात्री साखळीने भिंतीला बांधा. ट्रेलर रस्त्यावरून दिसणार नाही अशा जागी, जोडणीचं टोक भिंतीकडे करून लावा, आणि जोडणीला व चाकाला वेगवेगळी कुलपं घाला.

सामानावर खूण दोन ठिकाणी करा, एक दिसणारी आणि एक लपलेली. अक्षरांचे पोलादी पंच मिळतात. खोगिराच्या झडपेच्या आतल्या बाजूला ठरलेला क्रमांक ठोका. तंग अडकवायच्या पट्ट्यांवर किंवा रिकिबीच्या वाद्यांवर ठोकू नका, ते पट्टे दहा मिनिटांत बदलता येतात. अदृश्य शाईची खूण हाताळून आणि साबणाने पुसून फिकट होते, ती वर्षातून एकदा पुन्हा करा. प्रत्येक खोगिराचे चार फोटो हवेत: वरून, बाजूने, पोटाकडून आणि कारखान्याचा क्रमांक असलेल्या जागेचा जवळून. फोटो तबेल्याच्या संगणकावर आणि मालकाकडे, दोन्हीकडे राहू द्या. चोरी झाल्यावर नवं सामान आणलं की दुसरी फेरी होण्याची शक्यता वाढते, कारण चोराला वाट, कुत्र्याचा स्वभाव आणि कुलपाची जात तिन्ही ठाऊक झालेली असतात. नवं खोगीर खोलीत टांगण्याआधी जुनी फट बुजवा.

घोड्याच्या ओळखीबद्दल बऱ्याच मालकांचा एक गैरसमज आहे. मायक्रोचिप घोडा कुठे आहे हे सांगत नाही. तिला बॅटरी नसते, उपग्रहाशी तिचा काही संबंध नसतो. सुमारे १२ मिलिमीटर लांबीची ती काचेची नळी पशुवैद्य मानेच्या डाव्या बाजूला, आयाळीच्या जरा खाली, डोकं आणि खांदा यांच्या साधारण मध्यावर, जाड स्नायुबंधात खोल सोडतात. आयएसओ ११७८४ आणि ११७८५ या मानकांप्रमाणे तिच्यात १५ अंकी क्रमांक असतो आणि वाचकयंत्र मानेजवळ धरलं तरच तो दिसतो. म्हणजे चिप चोरी थांबवत नाही, चोरीचा घोडा पकडला गेल्यावर तो कोणाचा हे सिद्ध करते. तेही क्रमांकापुढे आजच्या मालकाचं नाव आणि चालू फोन नोंदवलेला असेल तरच. घोडा विकला, फोन बदलला आणि नोंद जुनीच राहिली, तर चिप असून नसल्यासारखी. लसीकरणाच्या दिवशी दर वर्षी वाचकयंत्र फिरवून चिप वाचली जाते का, क्रमांक कागदाशी जुळतो का, हे बघून घ्या. वाचताना मानेच्या दोन्ही बाजूंना यंत्र फिरवा.

चोराला लांबून दिसेल अशी खूण म्हणजे गोठणडाग. उणे १९६ अंश सेल्सियसच्या द्रव नायट्रोजनमध्ये गार केलेला ठसा कातडीवर ठरावीक सेकंद दाबला की केसांना रंग देणाऱ्या पेशी मरतात आणि तिथे पांढरे केस उगवतात. पांढऱ्या घोड्यावर पांढरे केस दिसणार नाहीत, म्हणून तिथे ठसा जास्त वेळ धरून केसांची मुळंच मारतात आणि टक्कल पडलेला आकडा राहतो. खुरावर क्रमांक कोरण्याचीही पद्धत आहे. खूर महिन्याला ६ ते १० मिलिमीटर वाढत खाली सरकतो, त्यामुळे वर्षभरात तो क्रमांक नालबंदाच्या कातरणात निघून जातो. पुन्हा पुन्हा कोरायची तयारी असेल तरच त्या वाटेला जा.

आणि कागदावरचं वर्णन? बहुतेक तबेल्यांच्या वहीत 'तांबूस घोडी, कपाळावर पांढरा' एवढंच असतं. अशा घोड्या दर ठिकाणी चार. आपल्या भाषेत घोड्याचं वर्णन करायला इतके शब्द आहेत, ते वापरा. भोवरे लिहा: कपाळावर किती, दोन डोळ्यांना जोडणाऱ्या रेषेच्या वर की खाली, मानेवर कुठल्या बाजूला, केस कोणीकडे फिरतात. भोवरा रंगवता येतो, पण हलवता येत नाही. चारही पायांचा पांढरेपणा खुरापासून कुठवर हे प्रत्येक पायाचं वेगळं लिहा. 'पंचकल्याणी' (चारही पाय आणि तोंड पांढरं) म्हणून सोडून देऊ नका. पायांच्या आतल्या बाजूला जे कठीण खडबडीत चट्टे असतात त्यांचा आकार प्रत्येक घोड्यात वेगळा असतो, त्यांचे जवळून फोटो घ्या. जुने व्रण, खोगिराच्या घासण्याने आलेले पांढरे केस, खुरांचे रंग, सगळं टिपा. फोटो उन्हाळ्यात एकदा आणि थंडीत एकदा काढा, कारण हिवाळी केसांत तोच घोडा मालकालाही पटकन ओळखू येत नाही.

आता ज्या गोष्टीला एक पैसाही लागत नाही आणि जी सगळ्यांत कमी तबेल्यांत आहे, तिच्याबद्दल. घोडा नेणारा माणूस रात्री तार तोडूनच येतो असं नाही. तो दुपारी येतो, गाडी घेऊन, घोड्याचं नाव घेत. "मालकांनी पाठवलंय, दुसऱ्या तबेल्यात न्यायचाय, तुम्हाला फोन येईलच." समोर एकटा मोतद्दार, नोकरीत महिनाभर जुना. साहेबांना उगाच कशाला विचारा म्हणून तो स्वतःच घोडा गाडीत चढवून देतो. कधी तो माणूस खरोखर भागीदार असतो, फक्त दुसऱ्या भागीदाराला काही सांगितलेलं नसतं. कधी मुदतीवर घोडा घेतलेला माणूस तो परस्पर विकून मोकळा होतो.

म्हणून लेखी नियम करा. घोडा तबेल्यात येतो त्या दिवशीच एक पान भरून घ्या: कायदेशीर मालक कोण, भागीदार असतील तर घोडा हलवायला एकाची सही पुरे की सगळ्यांची लागेल, मालकाशिवाय आणखी कोण नेऊ शकतं (दोनांपेक्षा जास्त नावं नकोत), त्यांचे फोटो आणि फोन. घोडा बाहेर न्यायची वेळ आली की मालकाला त्या पानावरच्या क्रमांकावर आपण फोन करायचा. समोरच्याने दिलेल्या क्रमांकावर नाही, आणि समोरच्याने लावून हातात दिलेल्या फोनवर तर मुळीच नाही. मालकाकडून लेखी संदेश आल्यावर गाडीचा क्रमांक, चालकाच्या ओळखपत्राचा फोटो, वेळ, कुठे चालला आणि चढवताना हजर कोण, हे वहीत लिहायचं. मालक फोन उचलत नसेल तर घोडा थांबतो, गाडी वाट बघते. अपवाद दोनच: आग, पूर अशी आपत्ती आणि पशुवैद्याने तातडीने रुग्णालयात हलवायला सांगणं. दुसऱ्या अपवादाची संमती त्याच पानावर आधी घेऊन ठेवा, म्हणजे मध्यरात्री पोटशूळाने लोळणारा घोडा सहीसाठी खोळंबणार नाही.

हा नियम मोतद्दारावर अविश्वास दाखवतो असं काही जणांना वाटतं. आम्हाला नेमकं उलट वाटतं. घोडा गेला की पहिलं बोट मोतद्दाराकडे जातं. नियम लिहिलेला असेल तर त्याला 'माझ्या हातात नाही, वहीत बघा' असं म्हणता येतं. रात्रीच्या माणसाला 'नाही' म्हणायचा अधिकार लेखी द्या आणि त्याने एखाद्या मातब्बर मालकालाही अडवलं तर त्याच्या मागे उभे राहा. त्याला नीट खोली, चार्ज असलेला फोन, चांगली विजेरी आणि झोपायला वेळ द्या. दिवसभर बारा तास राबलेल्या माणसाला रात्री जागता पहारा सांगणं म्हणजे पहारा नसण्यासारखंच आहे. आणि चोर दिसला तर अंगावर जायचं नाही हे त्याला स्पष्ट सांगा. दार लावून घ्यायचं, पोलिसांना फोन करायचा, दिवे लावायचे, गाडीचा क्रमांक बघायचा. खोगिरासाठी कोणी जीव धोक्यात घालू नये.

किल्ल्यांचं बोलायचं तर उलट्या बादलीखाली, चौकटीवर, पाण्याच्या हौदामागे ठेवलेली किल्ली सगळ्यांना माहीत असते. आकड्यांच्या कुलपाचा आकडा तबेला सुरू झाला त्या दिवसाचा असतो आणि चार वर्षांपूर्वी सोडून गेलेल्यालाही तो पाठ असतो. माणूस सोडून गेला की आकडा त्याच दिवशी बदला, तो कितीही भला असला तरी.

कॅमेऱ्यांवर सगळ्यांत जास्त पैसे जातात आणि सगळ्यांत जास्त निराशा त्यांच्याकडूनच होते. कारण साधं गणित केलेलं नसतं. अनोळखी माणसाचा चेहरा पटावा यासाठी आयईसी ६२६७६-४ या मानकाच्या २०१४च्या आवृत्तीत एका मीटरला २५० पिक्सेल धरले आहेत, ओळखीचा माणूस ओळखायला १२५, आणि नुसतं कोणीतरी आहे हे कळायला २५. तुमच्या कॅमेऱ्याचं चित्र १९२० पिक्सेल रुंद असेल, तर चेहरा पटेल अशी रुंदी साडेसात मीटरच्या आसपास. त्याच कॅमेऱ्याने २० मीटर रुंद अंगण घेतलं तर मीटरला ९६ पिक्सेल उरतात: माणूस दिसतो, कोण ते कळत नाही. म्हणून मोठ्या दृश्याचा एक कॅमेरा आणि ज्या चिंचोळ्या जागेतून जावंच लागतं, म्हणजे फाटक आणि खोगीरखोलीचं दार, तिथे अरुंद कोनाचा दुसरा. तो छपराच्या टोकाला नको, डोक्यापेक्षा थोडाच वर हवा. उंचावरून फक्त टोप्या दिसतात.

तबेल्यात कॅमेरा बिघडायची कारणंही तबेल्याचीच असतात. कॅमेऱ्याच्या अवरक्त दिव्याकडे किडे येतात, किड्यांमागून कोळी येतो, आणि भिंगासमोरचं जाळं रात्री पांढऱ्या पडद्यासारखं चमकतं. गवताची धूळ तेच करते. मुताचा अमोनिया वायरींचे सांधे खातो, उंदीर वायर कुरतडतात. वायर लोखंडी नळीतूनच न्या. दर आठवड्याला भिंग पुसा आणि रात्रीचं चित्रण उघडून बघा. पडद्यावर आत्ताचं दृश्य दिसतंय एवढ्यावर समाधान मानू नका, आठ दिवसांपूर्वीचं सापडतंय का ते तपासा, घड्याळ बरोबर आहे का तेही. साठवणीचं गणित असं: एक कॅमेरा सेकंदाला ४ मेगाबिट लिहीत असेल तर दिवसाला सुमारे ४३ गिगाबाइट होतात, चार कॅमेरे आणि ३० दिवस म्हणजे ५ टेराबाइटच्या थोडं वर. रेकॉर्डर खोगीरखोलीत ठेवू नका, खोगिरांबरोबर तोही जातो.

हालचालीवर लागणारे दिवे चांगले, पण त्यांचा डोळा घोड्याच्या तोंडासमोर आला की रात्रभर उघडमीट चालते आणि आठवड्यात कोणीतरी बटण बंद करून टाकतं. दिवा बाहेरच्या वाटेकडे तोंड करून, दोन ते अडीच मीटरवर, असा लावा की येणारा त्याच्या समोरून आडवा जाईल. सरळ चालत येणाऱ्याला तो उशिरा पकडतो. गाळ्यांत रात्रभर लख्ख उजेड ठेवू नका. घोड्यांना अंधार लागतो, आणि दिवसाला १६ तास उजेड मिळाला तर घोड्या अवेळी माजावर येतात. कर्कश भोंगा गाळ्यांजवळ नको. घाबरलेला घोडा भिंतीवर आदळून चोरापेक्षा मोठं नुकसान करून घेतो. खोलीच्या दाराची सूचना मूकपणे फोनवर येऊ द्या, भोंगा हवाच असेल तर रस्त्याकडे तोंड करून लांब लावा.

आयाळीत सकाळी वेणीसारख्या गाठी दिसल्या की चोरांनी खूण केली अशी आवई उठते. वाऱ्याने आणि घासण्याने आयाळ अगदी वळल्यासारखी गुंततेच. गाठ सोडवा, पण त्या निमित्ताने हद्द फिरून या. समाजमाध्यमांवर मात्र खरोखर सावध राहा. 'सगळे घोडे उद्या स्पर्धेला' ही घोषणा परत आल्यावर करा. विक्रीच्या जाहिरातीत घोड्याच्या कागदांचा आणि चिपच्या क्रमांकाचा फोटो टाकू नका, त्यावरून खोटे कागद बनवता येतात.

घोडा जागेवर नाही हे कळल्यावरचा पहिला तास सर्वांत मोलाचा. मध्यरात्री निघालेली गाडी ताशी ६० किलोमीटरने गेली तरी सकाळी सहाला ३६० किलोमीटरवर असते. आधी घोडा सुटून गेलेला नाही ना हे बघा: कुंपण तुटलंय की कापलंय, खुरांचे ठसे कोणीकडे जातात, ते चाकांच्या खुणांपाशी संपतात का. त्या खुणांवरून कोणालाही चालू देऊ नका, तुटलेलं कुलूप हातात घेऊ नका. पोलिसांना चिपचा क्रमांक, वर्णनाचं पान आणि फोटो एकत्र द्या. चिपच्या नोंदणीत 'चोरी' अशी नोंद करून घ्या. मग घोड्यांचे बाजार, लिलाव, कत्तलखाने, पशुवैद्य, नालबंद आणि शेजारचे तबेले, यांना तेच पान पाठवा. ही यादी फोन क्रमांकांसकट आज लिहून भिंतीला लावा. त्या पहाटे कोणाला काही आठवत नाही.

तुमच्याकडे आमचं मागणं तीन गोष्टींचं आहे. तुमच्याकडे घोडा ठेवणाऱ्या प्रत्येकाला पुढच्या महिनाभरात घोडा हलवण्याचा नियम लेखी द्या. फाटकाच्या वरच्या खुंट्या उलट्या करून घ्या. आणि एका संध्याकाळी, दिवे घालवून, हातमोजे घालून, रात्रपाळीच्या माणसांनी सगळे घोडे बाहेर काढून ठरलेल्या जागेत नेण्याचा सराव करा. घड्याळ लावा. पहिल्या खेपेला जी कडी अडकेल आणि जो दोर सापडणार नाही, त्याची दुरुस्ती दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत होऊ द्या.

आपले,
तबेल्यांच्या सुरक्षेचं आणि घोडे सांभाळण्याचं काम करणारे आम्ही काही जण